पूल रिकामा न करता पाण्याखालचा लाइट कसा बदलायचा

येऊरमध्ये, घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्यांत किंवा बेलापूरच्या पारसिक हिलवर ज्यांच्या बंगल्यात पूल आहे, त्यांना पाण्याखालचा लाइट गेला की पहिली धास्ती वाटते ती सगळं पाणी उपसावं लागेल याची. तसं काही करावं लागत नाही. हा दिवा पाण्यातून वर उचलून, काठावर कोरड्यात ठेवून बदलायचा असतो. त्याच्या मागे मीटर-दीड मीटर केबल वेटोळं करून ठेवलेली असते ती त्याचसाठी. पूल रिकामा करणंच उलट महागात पडतं, आणि आपल्याकडे तर जास्तच. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत ते एरवीही फार खोल नसतं. भरलेल्या पूलचं वजन या दाबाला पुरून उरतं. रिकामी टाकी मात्र खालून ढकलली जाते, तळाला तडे जातात, कधी कधी अख्खं बांधकाम उचललं जातं.

या कामातली खरी जोखीम पंप रूममध्ये असते, पॅनेलमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये. तिथली वीज खात्रीनं तुटलेली आहे, आणि पाण्यात जाते ती वीज १२ व्होल्टचीच आहे, या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की उरलेलं काम स्क्रूड्रायव्हर आणि गॅस्केटचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीचं आहे. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त वेळ दिला आहे. कंटाळा आला तरी तो भाग गाळू नका.

१२ व्होल्टच का

कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. भिजलेली कातडी तो करत नाही, आणि पूलमधल्या माणसाला तर चहूबाजूंनी पाणीच असतं. अशा वेळी जीव जायला मोठा शॉक लागत नाही. स्नायू आखडतील एवढा थोडासा प्रवाह पुरतो. हातपाय चालेनासे होतात आणि उत्तम पोहणारा माणूसही बुडतो. म्हणूनच स्विमिंग पूलच्या वायरिंगचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०३६४ चा ७०२ वा भाग, पूलच्या पाण्यातल्या दिव्याला १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी यापेक्षा जास्त दाब देऊ देत नाही. हा कमी दाबही सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरमधूनच यायला हवा. म्हणजे त्याच्या २३० व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या गुंडाळ्यांचा एकमेकींशी कुठेही जोड नसतो.

पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, असायलाच हवी. पण ‘आरसीसीबी आहे, मग काय होणार’ असं म्हणू नका. ती ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या बाजूची गळती पकडते. पलीकडे १२ व्होल्टच्या बाजूला केबल सोलली गेली किंवा दिव्यात पाणी शिरलं, तर तिला पत्ताही लागत नाही. तिथे रक्षण करतो तो ट्रान्सफॉर्मर.

कुणी काय करायचं

दिवा ओळखणं, नवा आणणं, जुना वर काढणं, साफसफाई, गॅस्केट बसवणं, बादलीत तपासणं ही कामं घरचा माणूस किंवा पूल सांभाळणारा माणूस करू शकतो. पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि जंक्शन बॉक्स (दिव्याची केबल जिथे जोडली जाते तो डबा) यांतल्या जोडण्या मात्र परवानाधारक वायरमननंच करायच्या. पंखा-ट्यूबलाइट लावणाऱ्या ओळखीच्या माणसाला बोलावून हे काम उरकू नका. वायरमनचं परमिट किंवा कंत्राटदाराचा परवाना पाहायला मागा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, चांगला वायरमन तो स्वतःहून दाखवतो.

आधी दिवा ओळखा

आपल्याकडच्या घरगुती पूलमध्ये साधारण तीन तऱ्हा दिसतात. जुन्या पूलमध्ये भिंतीत बसवलेला डबा असतो, त्याला पूलवाले ‘निश’ म्हणतात, आणि त्यात मोठा गोल पार ५६ बल्ब. हा ५६ आकडा इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला व्यास आहे. ५६ भागिले ८ म्हणजे ७ इंच, सुमारे १७८ मिलिमीटर. हॅलोजन असेल तर बहुधा १२ व्होल्ट ३०० वॅटचा. त्याच मापाचे एलईडी बल्ब आता सर्रास मिळतात, साधारण १८ ते ३५ वॅटचे. दुसरी तऱ्हा भिंतीवरच स्क्रूनं बसणाऱ्या चपट्या एलईडीची. आत रेझिन ओतून तो कायमचा बंद केलेला असतो आणि केबल त्यातच ओतलेली असते. तो उघडत नाही, गेला की केबलसकट बदलायचा. तिसरी तऱ्हा पायऱ्यांपाशी किंवा जकूझीत लावलेल्या लहान दिव्यांची, तेही बहुतेक केबलसकटच बदलतात.

रंगीत दिवा असेल तर किती तारा आहेत ते जंक्शन बॉक्समध्ये पाहून घ्या. दोन तारांचे रंगीत दिवे पुरवठा बंद-चालू केला की रंग बदलतात. चार-पाच तारांच्या दिव्यांना वेगळा कंट्रोलर लागतो आणि ते बहुधा डीसीवर चालतात. या दोन जातींची अदलाबदल होत नाही. पूलमध्ये दोन रंगीत दिवे असतील आणि एकच गेला असेल, तर त्याच कंपनीचं तेच मॉडेल मिळतं का पाहा. वेगळ्या कंपनीचा लावला तर एक निळा आणि एक हिरवा राहतो, जुळता जुळत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंप रूममध्ये जाऊन त्या दिव्याचा ट्रान्सफॉर्मर शोधा. त्यावरची पट्टी वाचा: इनपुट २३० व्होल्ट, आउटपुट १२ व्होल्ट, ‘सेफ्टी आयसोलेटिंग’ किंवा एसईएलव्ही (सुरक्षित, अती कमी दाब) असा उल्लेख, किंवा आयईसी ६१५५८-२-६ हा क्रमांक. ट्रान्सफॉर्मर सापडलाच नाही, किंवा दिव्यावर २२०-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर काम तिथेच थांबवा. त्या सर्किटचा एमसीबी (पॅनेलमधला आपोआप पडणारा स्विच) पाडून ठेवा, पूलमध्ये कुणालाही उतरू देऊ नका आणि वायरमनला बोलवा. असा दिवा जसाच्या तसा बदलायचा नसतो, सगळं सर्किट १२ व्होल्टवर आणायचं असतं. फॉल्स सीलिंगच्या एलईडी पट्टीसाठी मिळणारा स्वस्त १२ व्होल्टचा सप्लाय लावलेला आढळला तरीही तेच. आउटपुट १२ व्होल्टच असतं, पण २३० व्होल्टपासून तो पूलला लागेल इतका अलग आहे याची खात्री त्या डबीवर कुठेच नसते.

खरंच दिवा गेलाय का

नवा दिवा आणण्याआधी दहा मिनिटं यावर घालवा, पुष्कळदा दिवा चांगला असतो. दोन दिवे एकाच ट्रान्सफॉर्मरवर असून दोन्ही एकदम गेले, तर संशय ट्रान्सफॉर्मरवर, त्याच्या फ्यूजवर किंवा टायमरवर घ्या. एकच गेला तर दिवा किंवा जंक्शन बॉक्समधला जोड. वायरमनला ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावायला सांगा. दिवा न जोडता लहान ट्रान्सफॉर्मर १३-१४ व्होल्ट दाखवतो, तो बिघाड नव्हे. भार पडला की ते १२ च्या आसपास येतं. शून्य दाखवलं तर दिव्याचा दोष नाही.

एलईडी लुकलुकत असेल तर ट्रान्सफॉर्मर कोणत्या जातीचा आहे ते पाहा. हॅलोजनसाठीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला ठरावीक किमान भार लागतो. ३०० वॅटच्या जागी १८ वॅटचा दिवा आला की त्याला भारच जाणवत नाही आणि तो बंद-चालू होत राहतो. पूलला तांब्याच्या गुंडाळीचा, हातात जड लागणारा ट्रान्सफॉर्मरच चांगला.

मंद प्रकाशाचं कारण बरेचदा केबलच्या लांबीत असतं. येऊरसारख्या ठिकाणी पंप रूम बागेच्या दुसऱ्या टोकाला असते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे ७.४ ओहम विरोध असतो. पंप रूम २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे साधारण ०.३ ओहम. ३०० वॅटचा हॅलोजन १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढतो, तेव्हा या तारेतच सात-साडेसात व्होल्ट खर्ची पडतील आणि दिवा मिणमिणेल. १८ वॅटचा एलईडी दीड अँपिअर घेतो आणि अर्धा व्होल्टही गमावत नाही. लांबच्या पूलमध्ये हॅलोजन सोडून एलईडी घ्यायचं सगळ्यात सबळ कारण हेच.

सामान

- जुन्याच मापाचा १२ व्होल्टचा दिवा, आयपी ६८ दर्जाचा (सतत पाण्याखाली चालणारा), पूलसाठी बनवलेला. कारंज्याचा किंवा बागेचा नको.
- त्याच मॉडेलचं नवं गॅस्केट किंवा ओ-रिंग. जुनं धुऊन परत लावू नका.
- ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. साधे लोखंडी लावले तर महिन्याभरात टाइल्सवर गंजाचे ओघळ येतात.
- सिलिकॉन ग्रीस, लहान ट्यूब पुरते. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस नको, पेट्रोलियममुळे गॅस्केटचं रबर फुगतं.
- इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, व्हिनेगर, दोन जुने टॉवेल, एक बादली.
- एमसीबीला लावायचं लॉक आणि कुलूप, आणि पॅनेलवर टांगायला पाटी.
- वायरमनकडे चांगला मल्टिमीटर आणि मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र).

पार ५६ आणि त्याची गॅस्केट्स मुंबईतल्या लोहार चाळीत किंवा पूलचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. पुढे सांगितल्याप्रमाणे वीज तोडून जुना दिवा वर काढून, मागच्या पट्टीचा फोटो घेऊन मगच खरेदीला जा. ‘गोल, मोठा’ एवढ्या वर्णनावर आणलेला दिवा पाच मिलिमीटरनं चुकतो आणि रिंग बसत नाही.

वीज तोडणं

भिंतीवरचा लाइटचा स्विच बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. तो एकच तार तोडतो. कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर तो न्यूट्रल तोडेल आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंतची तार जिवंतच राहील. म्हणून लाइटचा एमसीबी पाडा, पंप रूमचा दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन आयसोलेटर बंद करा, मग एमसीबीवर लॉक घालून कुलूप लावा. किल्ली पाण्यात हात घालणाऱ्याच्या खिशात. पॅनेलवर ‘पूलमध्ये काम चालू आहे, चालू करू नये’ अशी पाटी. बंगल्यात माळीकाका असतात, वॉचमन असतो, संध्याकाळी बागेचे दिवे लावायचा कुणाचा तरी नेम असतो. त्या प्रत्येकाला तोंडीही सांगा.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. आपल्याकडच्या बंगल्यांत इन्व्हर्टर असतो, कुठे जनरेटर, आता छपरावर सोलरही. पूलचे लाइट इन्व्हर्टरच्या लाइनवर असतील तर घराचा मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपणहून चालू होतो आणि वीज परत येते. त्यामुळे मेन बंद केल्यावर ‘पूलचा लाइट कोणकोणत्या वाटेनं पेटू शकतो’ याचा शोध घ्या. टायमर, रिमोट, मोबाइलवरचा स्मार्ट स्विच हेही त्यात आले.

मग मोजायचं. वायरमन आधी चालू असलेल्या एखाद्या सॉकेटवर मीटर लावून २३० दाखवतो ना ते पाहील, मग ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटवर आणि आउटपुटवर शून्य आहे ना ते पाहील, आणि पुन्हा चालू सॉकेटवर. तिसरी पायरी यासाठी, की मधल्या मोजणीच्या वेळीच मीटर किंवा त्याची वायर बिघडली नव्हती हे कळावं. खिशातल्या निऑन टेस्टरवर हे काम भागत नाही. १२ व्होल्टवर तो पेटतच नाही आणि न पेटलेला टेस्टर पाहून माणूस निर्धास्त होतो.

फिल्टरचा पंपही बंद ठेवा. पाण्यात कुणी नको, आणि काठावर एक दुसरा मोठा माणूस पूर्ण वेळ हवा.

दिवा वर काढताना

निशचा दिवा बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीखाली दीड-दोन फुटांवर असतो. काठावर पोटावर पडून हात पोचतो. पोचत नसेल तर वीज तोडण्याआधीच पाणी फूटभर उतरवून घ्या, तेवढं पुरतं. स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाखाली पातळी गेली की पंप हवा ओढतो, म्हणून पाणी काढताना तळाच्या ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडा आणि स्किमरचा बंद करा.

दिव्याच्या रिंगवर पुष्कळ स्क्रू दिसतील. ते सगळे सोडायचे नाहीत. त्यातले बहुतेक काच आणि डबा एकत्र धरणारे असतात आणि ते पाण्याखाली उघडले तर आतला कोरडा भाग पाण्यानं भरतो. दिवा निशला धरून ठेवणारा स्क्रू साधारणपणे एकच असतो, अगदी वर, घड्याळात बाराचा आकडा असतो तिथे. खाली रिंगची एक जीभ निशच्या खाचेत अडकलेली असते. वरचा स्क्रू हळूहळू सोडा, तो हातातून निसटला की तळाशी जातो आणि शोधायला वेळ लागतो. मग रिंगचा वरचा भाग आपल्याकडे ओढा आणि दिवा थोडा उचला, खालची जीभ सुटते. चुन्याचा पांढरा थर धरून बसली असेल तर लाकडी पट्टीनं हलकेच उकला. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या पूलमध्ये हा थर हमखास असतो. लोखंडी सळई घालून उचकटलं तर निशचा काठ तुटतो, आणि निश बदलणं म्हणजे भिंत फोडणं.

दिवा बाहेर आला की निशमध्ये पाणी भरलेलं दिसेल. घाबरू नका, ते तिथे असायलाच हवं. तेच पाणी दिव्याला थंड ठेवतं. कंड्युटमध्येही, म्हणजे केबल ज्यातून जाते त्या पाइपमध्येही, पूलच्या पातळीपर्यंत पाणी असतं. त्यामुळे निश सिलिकॉननं भरून टाकण्याच्या भानगडीत पडू नका. पूलचं पाणी रोज उतरून नेमकं दिव्याच्या पातळीवर येऊन थांबत असेल, तेव्हा मात्र कंड्युटमध्ये गळती आहे असं समजा. तिथे केबल आत शिरते त्या तोंडाशी पूलची पुट्टी किंवा रबरी बूच लावतात.

केबलचं वेटोळं सोडवत दिवा काठावर पसरलेल्या टॉवेलवर ठेवा. केबल ताणली जात असेल तर जोर लावू नका. आधीच्या माणसानं ती आखूड कापलेली असू शकते. तसं असेल तर पूर्ण केबल बदलायला घ्या. निशमध्ये जोड देऊन लांबी वाढवायची नाही, कितीही टेप गुंडाळला आणि वर हीट श्रिंक चढवलं तरी नाही.

फक्त बल्ब बदलायचा असेल तर

दिवा बाहेरून पुसून पूर्ण कोरडा करा, मगच रिंगचे स्क्रू उघडा. काच उचलली की आत काय आहे ते नीट पाहा. कोरडं असेल तर उत्तम. थेंब असतील तर गॅस्केटवरची रेघ पाहा, कुठे चेपलं गेलंय ते दिसतं. गॅस्केट चांगलं असून आत पाणी असेल तर ते केबलमधून आलेलं असतं. जंक्शन बॉक्समध्ये पाणी साचलं की तारांच्या बारीक केसांमधून ते हळूहळू सरकत खाली दिव्यापर्यंत पोचतं, वात जशी तेल ओढते तसं. तारेचं टोक सोलून पाहा. तांबं लालसर चकचकीत हवं. काळं किंवा हिरवट असेल तर नवा बल्ब लावून उपयोग नाही, केबलच बदला.

मागच्या दोन तारा सोडून नव्या बल्बला लावा. एसीच्या दोन तारांच्या दिव्यात उलटसुलट चालतं. डीसीचा असेल तर प्लस-मायनस पाळा. हॅलोजनची काच उघड्या बोटांनी धरू नका. गॅस्केटची बैठक व्हिनेगरनं पुसून चुना काढा, कोरडी करा, नव्या गॅस्केटला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. स्क्रू गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे. एका बाजूनं पूर्ण आवळत गेलात तर दुसरी बाजू उचलली जाते आणि पहिल्याच रात्री आत पाणी दिसतं. अती आवळण्यानं प्लास्टिकची रिंग तडकते.

आता बादली. दिवा पाण्यात बुडवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, न पेटवता. बुडबुड्यांची सलग रेघ निघत राहिली तर गॅस्केट परत बसवा. बाहेर काढून पुसा आणि काचेतून आत पाहा. हॅलोजन पाण्याबाहेर पेटवून पाहायचा मोह आवरा, थंड करायला पाणी नसलं तर तो काही क्षणांतच इतका तापतो की काच तडकते. पूलचे एलईडीही पाण्याच्या भरवशावरच बनवलेले असतात.

केबलसकट बदलायचा असेल तर

हे दोन माणसांचं काम. जुनी केबल हीच नवी आत न्यायचं साधन आहे, म्हणून ती आधी कापून बाहेर ओढून टाकू नका. वायरमननं जंक्शन बॉक्समधल्या तारा सोडल्या की तिथल्या टोकाला कंड्युटच्या दुप्पट लांबीची नायलॉनची दोरी बांधा. गाठ जाड होऊ नये म्हणून केबलच्या तारा एकेक मागे-पुढे कापून त्यांच्याभोवती दोरी गुंडाळा, वरून टेप घट्ट लावून टोक निमुळतं करा. मग एकानं पूलच्या बाजूनं केबल ओढायची, दुसऱ्यानं बॉक्सपाशी दोरी सोडत राहायची. दोरी पूलमध्ये आली की तिला नव्या केबलचं टोक बांधा आणि उलट ओढा. वंगण म्हणून पातळ केलेला साबण चालतो, तेल किंवा ग्रीस नको. केबल अडली तर मागे-पुढे हलवा. झटके दिले की दोरी आत तुटते, आणि मग वाट बंद.

केबल दिव्यापासून जंक्शन बॉक्सपर्यंत अखंड हवी, मध्ये जोड नको. निशमध्ये दीड मीटरचं वेटोळं ठेवून मगच वरचं टोक कापा.

जंक्शन बॉक्स आणि पंप रूम

जंक्शन बॉक्स पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवा. खाली असेल तर कंड्युटमधून पाणी थेट त्यात येतं. ट्रान्सफॉर्मर काठापासून किमान साडेतीन मीटर दूर, किंवा पक्क्या भिंतीपलीकडे. त्या ७०२ भागात काठापासूनचे पहिले २ मीटर आणि त्यापुढचे १.५ मीटर असे दोन पट्टे आखले आहेत, दोन्हींच्या बाहेर ठेवला की प्रश्न मिटतो. जमिनीखालच्या पंप रूममध्ये पावसाळ्यात पाणी भरत असेल तर भिंतीवर गेल्या वेळच्या पाण्याची खूण असते, ट्रान्सफॉर्मर तिच्या बराच वर लावा.

आणि कृपा करून ॲसिडचे कॅन आणि क्लोरीनचे डबे पॅनेलजवळ ठेवू नका. आपल्याकडच्या पंप रूममध्ये जागेअभावी ते तिथेच ठेवलेले असतात. झाकण बंद असलं तरी वाफ सुटते. सहा महिन्यांनी पॅनेल उघडा, टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल, जोड सैल झालेले असतील आणि प्लास्टिक तपकिरी पडलेलं असेल.

ट्रान्सफॉर्मर नवा घ्यायचा तर दिव्यांच्या एकूण वॅटच्या दुप्पट व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता) धरा. १८ वॅटच्या दोन दिव्यांना ७५ किंवा १०० व्हीए पुरतो. १०० व्हीएच्या १२ व्होल्टच्या बाजूला ८ अँपिअरचा फ्यूज. या बाजूची कोणतीही तार अर्थिंगला जोडायची नाही, जोडली तर दोन बाजूंचा अलगपणाच संपतो. शिडी, रेलिंग, धातूची निश यांना एकत्र बांधणारी हिरवी वायर दिसली तर ती मात्र वेगळ्या कामाची आहे, तिला हात लावू नका.

चालू करण्याआधी आणि नंतर

दिवा जोडण्याआधी वायरमननं केबलची मेगर चाचणी घ्यावी. १२ व्होल्टच्या सर्किटला २५० व्होल्टवर, आणि किमान ०.५ मेगाओहम यायला हवं. नवी केबल याच्या कितीतरी पट दाखवते, म्हणून जेमतेम ०.६ आलं तर समाधान मानू नका, कुठे तरी सोललेलं आहे. एलईडी जोडलेला ठेवून मेगर मारला तर नवा दिवा तिथेच जातो.

मग दिवा निशमध्ये, आधी खालची जीभ, नंतर वरचा स्क्रू. लॉक काढा, पुरवठा सुरू करा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ती तत्काळ पडली पाहिजे. पडली नाही तर पूल बंद. दिवा अर्धा तास चालू ठेवा, या वेळात कुणीही पाण्यात नको. ट्रान्सफॉर्मर कोमट होणं ठीक, हात ठेवता येणार नाही इतका तापला तर भार किंवा जोड तपासा. रात्रभर जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी उजेडात काचेच्या आत धुकं आलंय का ते पाहा. आलं असेल तर दिवा परत बादलीत.

पुढे कधीही पोहताना कुणी ‘पाण्यात झिणझिण्या येतात’ किंवा ‘शिडीला हात लावला की चावतं’ म्हणालं, तर लहान मूल म्हणालं तरी ते खरं माना. सगळ्यांना शिडीला हात न लावता, शिडीपासून दूरच्या काठानं बाहेर यायला सांगा आणि मेन बंद करा. कुणी पाण्यात निपचित दिसलं तर मेन बंद होईपर्यंत पाण्यात उडी मारू नका, कोरडा बांबू किंवा दोरी बांधलेली रिंग पुढे करा आणि १०८ ला फोन लावा. बांबू आणि रिंग काठावर नेहमी हाताशी टांगलेली असू द्या, आणि मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही, एकदा प्रत्यक्ष नेऊन दाखवा.